खेळमास्तरांची उन्हाळी रजा

आमच्या खेळमास्तरांना कुणी विचारलं, "मास्तर, हे तुम्हाला येतं का?" की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "काल येत हुतं. आज बघाय पायजे." मग ती लेझीम असो, सोंगट्यांचा डाव असो, नाहीतर पतंगाची कन्नी बांधणं असो. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा चेष्टा करतोय. एका पाहुण्या साहेबांना तर हा उद्धटपणा वाटला आणि ते डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेले. डॉक्टर नुसते हसले. कारण सुरुवातीला हेच मास्तर अगदी उलट होते. पहिलं वर्षभर त्यांना जगातलं सगळं येत होतं, आणि जे येत नव्हतं ते शिकण्याच्या लायकीचं नव्हतं.

आमचं कुष्ठधाम कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला होतं. साठीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा लोक या रोगाला रगतपिती म्हणत आणि नाव घेतलं तरी पदर तोंडाला लावत. आमच्या फाटकापाशी एसटी थांबायची नाही, पुढच्या वळणावर थांबायची, आणि उतरणाऱ्याकडे कंडक्टर अशा नजरेनं बघायचा, की आपणच काहीतरी गुन्हा केलाय असं वाटावं. मी तिथं मलमपट्टीच्या खोलीत नर्स होते. आमचं घर बौद्ध झालेलं, आणि माझ्या वडिलांनी एकच गोष्ट डोक्यात भरवलेली, "शीक, म्हणजे कुणापुढं मान खाली घालावी लागणार नाही." मी तीन वर्षांचा कोर्स केला, बिल्ला मिळवला आणि छातीवर लावला. मला वाटलं, झालं आपलं शिकून. खोटं कशाला सांगू, त्या बिल्ल्याचा मला फार तोरा होता.

खेळमास्तर आले ते चीनच्या लढाईच्या आदल्या वर्षी. गाव कोरेगावच्या बाजूचं, घरी थोडा ऊस, आणि स्वतः फौजेत हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पलटणीत ते जवानांची कसरत घ्यायचे. उंच, ताठ, मिशा पिळलेल्या. डॉक्टरांचं म्हणणं असं, की गोळ्या रोगाला मारतील, पण खाटेवर पडून राहिलेल्या माणसाला उठवणार कोण? म्हणून त्यांनी ही जागा मुद्दाम मागून घेतली होती. कागदावर तिचं नाव होतं मनोरंजन सहायक. हे नाव मास्तरांच्या तोंडात कधी बसलं नाही. आमच्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना खेळमास्तर करून टाकलं.

आल्या आल्या त्यांनी मैदान नांगरल्यासारखं साफ केलं, दगड वेचले, चुना टाकून रेघा मारल्या आणि शिटी फुंकली. चाळीस माणसांपैकी सहा बाहेर आली. मास्तर खाटाखाटांशी गेले. "काय रं गड्या, जिता हायस न्हवं? मग ऊठ की!" असं ओरडून एकेकाला उठवलं. मला ते बघून धसका बसला होता. पण महिन्याभरात मैदानावर तीस माणसं यायला लागली, आणि संध्याकाळी ज्या वरांड्यात नुसतं कण्हणं ऐकू यायचं तिथं भांडणं ऐकू यायला लागली, कुणाची सोंगटी कुणी मारली म्हणून. भांडणारी माणसं बघून इतका आनंद होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

नाही आला तो एक शिवाप्पा. आम्ही सगळे त्याला शिवाच म्हणायचो. हा जतकडचा धनगर, बोलताना निम्मं मराठी, निम्मं कानडी. रोग कळल्यावर भावांनी मेंढरं वाटून घेतली, बायको माहेरी निघून गेली, आणि कुणीतरी याला आमच्या फाटकात आणून सोडलं. आठ महिने हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला. मला अक्का म्हणायचा, तेवढंच. मास्तरांनी त्याच्यावर ओरडून पाहिलं, गोडीनं सांगून पाहिलं. शेवटी एके दिवशी काही न बोलता त्याच्या उजव्या हातात लेझीम ठेवली आणि शेजारी बसून दुसरी लेझीम हळूहळू वाजवत राहिले. शिवाचं मनगट आपोआप हललं. तिसऱ्या दिवशी तो मैदानात होता, आणि पंधरा दिवसांत रांगेच्या पुढं.

खेळ सुरू करायच्या आधी मास्तर रोज एक हुकूम सोडायचे. "दुखलं की थांबायचं. हितं मर्दुमकी दाखवायची न्हाई. ज्याला दुखंल त्यानं हात वर करायचा." फौजेतली शिस्त. हजारो जवान त्यांनी याच हुकमावर घडवले होते आणि एकाचाही पाय मोडू दिला नव्हता. ऐकायला किती शहाणपणाचा हुकूम! मी रोज मलमपट्टीच्या खिडकीतून तो ऐकायची आणि मान डोलवायची. डोलवायची म्हणजे अगदी कौतुकानं. अन् हेच हात मी दोन वर्षं धूत होते. जळती विडी बोटांत विझली तरी ज्यांना कळत नाही, चुलीवरचा तवा ज्यांनी उघड्या हातानं उचलला आणि वास आल्यावर टाकला, ते हात. त्यांना मास्तर सांगत होते, दुखलं की थांबा. कुणाला दुखणार होतं? कुणाला दुखत नव्हतं, म्हणून कुणी थांबत नव्हतं. आजही ही गोष्ट सांगताना माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं.

प्रजासत्ताक दिन जवळ आला. साताऱ्याहून मोठे साहेब येणार होते. मास्तरांनी सराव दुप्पट केला. त्या दिवसांत शिवा एकदा माझ्यापुढनं गेला तर त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिंधी गुंडाळलेली. मी विचारलं, "काय रे हे?" "काटा लागला अक्का, कायबी न्हाई." माझ्यापुढं तीसेक माणसं पट्टीसाठी बसलेली. मी म्हटलं, "संध्याकाळी दाखव," आणि विसरले. तोही आला नाही. सव्वीस जानेवारीला लेझमीचा असा काही खेळ झाला, की साहेब उठून उभे राहिले. मास्तरांची छाती वीतभर फुगली होती. तिसऱ्या दिवशी शिवाच्या खाटेजवळ मला वास आला. चिंधी सोडली तर खाली नुसतं मांस, आणि आत हाड काळं पडलेलं. डॉक्टरांनी बोट दुसऱ्या पेरापासून काढलं.

मास्तर डॉक्टरांच्या दारात उभे होते. म्हणाले, "साहेब, मला हे कुणी सांगितलंच न्हाई, की ह्यास्नी दुखत न्हाई म्हणून." डॉक्टर हात धूत होते. ते वळलेदेखील नाहीत. "तुम्ही विचारलंत कुणाला?" एवढंच बोलले. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला, आणि स्वतःचा सगळ्यात जास्त. कारण मला ठाऊक होतं, आणि मलाही कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं.

आता हा गडी राजीनामा देऊन गावाकडे जाणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मास्तरांनी शिटी खुंटीला अडकवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीत येऊन कोपऱ्यातल्या फळीवर बसले. "शिस्टर, आजपासनं मी तुमच्या शाळंत." मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळतील. कसलं कंटाळणं! रोज तासभर बसायचे. एकेक हात जवळ घेऊन बघायचे. हा हात कोरडा का? याच बोटाला फोड का, शेजारच्याला का नाही? ही जागा गरम लागते ती का? मी दोन-चार प्रश्नांची उत्तरं दिली, पाचव्याला म्हटलं, "तसंच असतं ते." मास्तर शांतपणे म्हणाले, "तसंच असतं म्हंजी तुमालाबी म्हाईत न्हाई." माझ्या अंगाचा असा भडका उडाला! तीन वर्षांचा कोर्स केलेली मी, आणि हा पीटी घेणारा हवालदार मला सांगतोय! दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला. डॉक्टर म्हणाले, "मला नीट माहीत नाही. मद्रासकडे एका इस्पितळात या हातांवरच काम चालतं, त्यांना माहीत असेल."

हे मी मास्तरांना सांगितलं मात्र, त्यांनी उन्हाळ्यासाठी साठवलेली सगळी रजा टाकली आणि मद्रासची तयारी सुरू केली. त्याच उन्हाळ्यात घरी मुलीचं लग्न काढायचं होतं. मास्तरांच्या कारभारीण पुढच्या वळणावर एसटीतून उतरून थेट आमच्या फाटकात येऊन थडकल्या. आत यायला भ्यायल्या नाहीत, याचंच मला कौतुक वाटलं. मैदानाच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी नवऱ्याला झाडलं. "आवं, पोरीचं लगीन सोडून ह्या वयात पाटी-दप्तर घिऊन कुठं निघालाय? पन्नाशी आली की! लोक हसत्यात!"

मास्तरांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हसू द्या. पल्टनीत बंदूक बदलली तर जुन्या शिपायाला पुन्ना शिकाय बसवत्यात. मी हितं माणसांस्नी हात लावाय आलो, अन् न शिकताच लावला. लगीन मार्गशीर्षात करू. त्या पोराचं बोट मार्गशीर्षात परत येणार न्हाई." जाताना कारभारणींनी पिशवीतली भाकरीची चवड माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "वाटंत खातील म्हणावं."

मद्रासला मास्तरांची भाषेवाचून पंचाईत झाली. इंग्रजी येत नाही, तमिळ येत नाही. पण तिथल्या वॉर्डात एक जुना फौजी निघाला, तो पलटणीतल्या हिंदीत सगळं सांगायचा, आणि मास्तर वहीत हातांची चित्रं काढायचे. ती वही मी पाहिली आहे. अक्षर बेडकाच्या तंगड्या, पण चित्रं कशी! प्रत्येक पेर, प्रत्येक वाकलेलं बोट, कुठली वस्तू धरल्यावर कुठं दाब येतो, सगळं शिसपेन्सिलीनं काढलेलं. परत आल्यावर त्यांनी लेझमीच्या मुठी कापूस आणि कापड लावून जाड केल्या, सोंगट्या लिंबाएवढ्या मोठ्या करून घेतल्या, आणि जुना हुकूम मोडीत काढला. आता जोड्या लावल्या. खेळ झाला की प्रत्येकानं आपल्या जोडीदाराचे हात बघायचे. "तुमच्या हाताला कळत न्हाई, पर शेजाऱ्याच्या डोळ्याला कळतंय. त्यो तुमचा हात, तुमी त्याचा डोळा," असं समजावून सांगायचे. लाल जागा दिसली की त्या माणसाला दोन दिवस खेळातून सुट्टी.

तेव्हापासून दर उन्हाळ्याला मास्तरांची रजा शिकण्यात जायला लागली. आणि तेव्हापासूनच ते "काल येत हुतं" सुरू झालं. एका वर्षी साताऱ्याच्या एका चांभाराकडे महिनाभर बसून मऊ रबरी तळव्याच्या चपला बेतायला शिकले. एका वर्षी सांगलीत एका म्हाताऱ्या बुरडाकडे गेले आणि महिन्यानं परत येऊन म्हणाले, "बुट्ट्या विणणं आपल्या लोकांस्नी न्हाई जमायचं, कामट्या हाताला कापत्यात." मी म्हटलं, "म्हणजे रजा फुकट गेली की तुमची!" तर माझ्यावरच डाफरले. "फुकट कशी? न्हाई जमत हे आता मला ठावं झालं. न्हाईतर मी ते त्यांच्या हातावर शिकलो असतो." आमच्यातले काही कर्मचारी मागून टिंगल करायचेच. म्हातारपणी शेंडी ठेवून गुरुकुलात चाललाय म्हणायचे. मास्तरांच्या कानावर जायचं, पण त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

शिवाचं मात्र अवघड होतं. बोट गेल्यावर त्यानं लेझमीकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. मुठी जाड केल्या, जोडीदार दिला, तरी हा आपला कुंपणाशी उभा. मास्तर त्याला एकदाही "खेळ" म्हणाले नाहीत. एके दिवशी त्याच्यापुढं जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "तुमच्यात देवापुढं गजी नाचत्यात न्हवं? मला शिकव." शिवा गडबडला. "तुमी मास्तर. मी काय शिकवू तुमास्नी?" "तुला येतंय अन् मला येत न्हाई, एवढं बास की रं." गजी नाचात हातात नुसता रुमाल असतो, मुठीवर जोर नसतो, हे मास्तरांनी आधीच हेरलं होतं. महिनाभर तो भला थोरला हवालदार रुमाल उडवत धनगरासारखे पाय टाकायला शिकत होता आणि शिवा कानडीत त्यांना शिव्या देत होता. इतका हसलेला शिवा मी त्याआधी पाहिला नव्हता.

पण बाकीच्यांना नाचवायची वेळ आली तेव्हा मास्तरांनीच अडवलं. हात वाचले, पण पायांचं काय? तळव्यालाही कळत नाही. "चपला हुईपतूर कुणी नाचायचं न्हाई." चपलांना वर्ष लागलं. शिवा चिडून पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला, आणि मास्तर रोज त्याच्या पाठीशी बोलत राहिले, आज किती चपला झाल्या ते सांगत. पुढच्या दसऱ्याला बारा माणसं ढोलावर गजी नाचली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पट्टीला त्यातलं एकही आलं नाही. मी पेढे वाटले.

त्यानंतर केव्हातरीची गोष्ट. दुपारी चिंचेखाली मास्तर आणि शिवा ढोलाच्या दोऱ्या ताणत बसले होते, मी पलीकडे पट्ट्या गुंडाळत होते. शिवा एकदम म्हणाला, "मास्तर, एक सांगू? तवा मला फोड दिसला हुता. पयल्याच दिशी दिसला. मी मुद्दाम चिंधी बांदली. माझं बोट माझ्या मर्जीनं गेलं. तुमी उगं जिवाला लावून घेऊ नका."

मला वाटलं, आता या माणसाच्या छातीवरचा धोंडा उतरेल. मास्तरांनी हातातली दोरी खाली ठेवली. "का लपवलास?"

"सांगितला असता तर तुमी लेझीम काडून घेतली असती. आठ म्हैन्यांनी एक गोष्ट मिळाली हुती मला. अन् तुमास्नी म्हनायचं तरी कसं, तुमचा हुकूम चुकतोय म्हणून? तुमी केवडं मास्तर!"

शिवा उठून गेल्यावर मास्तर मला म्हणाले, "ऐकलंसा शिस्टर? मला वाटत हुतं, मी हातांबद्दल शिकलो न्हवतो म्हणून त्याचं बोट गेलं. तसं न्हाई. त्याला दिसत हुतं, पर मला सांगायची सोय न्हवती. मी तसला मास्तर हुतो. हे मद्रासला शिकवत न्हाईत." त्यांनी खाली ठेवलेली दोरी पुन्हा उचलली. "ह्याच माणसानं एकदा माझ्या तोंडावर सांगाय पायजे, मास्तर, तुमचं चुकतंय. तवर मी काय हितनं हालत न्हाई."

आणि खरंच हलले नाहीत. घरून पत्रं यायची, नातू झाला, ऊस तुटला, आता या. मास्तर पत्र वाचायचे, घडी घालायचे आणि कामाला लागायचे. मैदानावर मुद्दाम काहीतरी उलटसुलट सांगून विचारायचे, "शिवा, बरोबर हाय का रं हे?" तो मान डोलवायचा. "बरोबर हाय मास्तर." मास्तरांचा चेहरा पडायचा. असं दोन-अडीच वर्षं चाललं.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मद्रासहून पत्र आलं. उजळणीचा वर्ग आहे, तुमचा एक माणूस पाठवा. जागा एकच. मास्तर म्हणाले, शिवा जाईल. कचेरीत गहजब झाला. कर्मचाऱ्याच्या जागेवर रोगी? आता तो बरा झाला होता, गोळ्या बंद झालेल्या, पण लोकांच्या लेखी तो रोगीच. सही कुठं करणार? त्याला लिहिता येतं का? मास्तरांनी आधीच दोन वर्षं त्याला अक्षरं गिरवायला लावली होती. तरी साहेब लोक ऐकेनात. तेव्हा मास्तर डॉक्टरांना म्हणाले, "मी ह्या हातांबद्दल पाच सालं शिकलो, पर भाईरनं. ह्यो आतनं शिकंल." डॉक्टरांनी पाठवलं. गाडीत कुणी उठवलं तर काय करायचं, या भीतीनं शिवा आदल्या दिवशी जेवला नाही. मीही जेवले नाही.

दोन महिन्यांनी तो परत आला. अंगावर कोरा सदरा, बगलेत वही. पण वागणं बदललेलं. मैदानावर मास्तरांच्या शेजारी उभा राहायचा, सांगतील ते करायचा आणि नजर चुकवायचा. मास्तर विचारायचे, "काय नवीन शिकून आलास?" "हेच, तुमी सांगताय तेच." पुढं माझ्या लक्षात आलं, की खेळ संपून सगळे पांगल्यावर अर्ध्या तासानं हा एकेकाच्या खाटेशी जातो आणि पुन्हा हात बघतो. एकदा मी त्याला वरांड्यात गाठलं. "शिवा, हे काय चाललंय?"

तो रडकुंडीला आला. "अक्का, मास्तरांचं चुकतंय. खेळ झाल्या झाल्या हात बघितला तर सगळाच लाल असतोय, चांगल्या माणसाचाबी. जरा दम खाऊन बघाय पायजे. बाकीचा लाली उतरतोय अन् एखादी जागा तांबडी अन् गरम ऱ्हातीय, ती खरी वाईट. आमी पाच वरसं भलत्याच माणसांस्नी सुट्टी देतोय. तुमी सांगा की मास्तरांस्नी."

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, बरं, सांगते. पण मला चिंचेखालची ती दुपार आठवली. मी म्हटलं, "मी मुळीच सांगणार नाही. तुझ्या तोंडाला काय झालंय? चल हो पुढं." मी इतक्या करड्या आवाजात कधी कुणाशी बोलले नसेन. वळून खोलीत गेले. याला पुन्हा गप्प बसू द्यायचं नव्हतं मला.

चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी खेळ संपला, मास्तरांनी शिटी मारली, जोड्या हात बघायला लागल्या. मास्तर एकाला म्हणाले, "तुझा तळवा लाल हाय, दोन दिस सुट्टी." आणि मागून शिवाचा आवाज आला. घोगरा, पण सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा. "मास्तर, थांबा. तुमचं चुकतंय."

मी खिडकीचा गज घट्ट धरला. शिवानं अडखळत, निम्मं कानडीत, सगळं सांगितलं. मास्तर ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजी पाच वरसं मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली?"

"व्हय मास्तर."

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"आल्यापासनं. पंधरा दिस झालं. भ्या वाटत हुतं."

मास्तरांनी गळ्यातली शिटी काढून त्याच्या गळ्यात घातली आणि स्वतः जाऊन पहिल्या रांगेत मांडी घालून बसले. "बसा रं सगळी. आता हे सांगतील तसं." त्या संध्याकाळी शिवानं सगळ्यांना अर्धा तास बसवून ठेवलं आणि मग हात बघायला लावले. मास्तरांनी शेजारच्याचा हात हातात घेतला होता आणि शिवानं सांगितल्यावर ते नव्यानं गरम जागा शोधत होते, सुरुवातीला माझ्या खोलीत शोधायचे तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर माझ्याकडे आले. "शिस्टर, एक अर्ज लिवून द्या. नोकरी सोडून घरी जातोय म्हणून." मी दचकले. म्हटलं, "रागावलात का त्याच्यावर?" ते हसले, आणि हसता हसता डोळ्यांना धोतराचा सोगा लावला. "रागवू कशाला? ज्यानं माझ्यापासनं फोड लपवला, त्यानं काल चाळीस माणसांत माझी चूक सांगितली. आनी काय पायजे मला?"

मी कागद घेतला, लिहायला बसले. कारण काय लिहायचं ते सुचेना, म्हणून लिहिलं, काम पूर्ण झाल्यामुळे. मास्तरांनी मला ते वाचून दाखवायला लावलं आणि मान हलवली.

"खोडा ते. काम कुठं पूर्ण हुतंय? लिवा, शिवाप्पा मास्तर आल्यात, म्हणून."

मी तसंच लिहिलं. डॉक्टरांनी अर्ज वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि खाली सही केली.